इंजिनाला लेप लावल्याबद्दल दीनानाथमामांना

मार्गासनी, भाताची गिरणी
शनिवार, सकाळी साडेनऊ

तीर्थरूप दीनानाथमामांच्या पायांशी,

भोरच्या नलूचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकून. इथे टेबल नाही, भाताच्या पोत्यावर वही ठेवून लिहिते आहे.) आम्ही सगळे बरे आहोत. तुमचे गुडघे कसे आहेत? सकाळचं फिरणं चालू आहे की श्रेयसच्या सोसायटीतल्या बाकावर बसूनच ते उरकता? मामींची साखर किती आली, तेही कळवा. खरा आकडा कळवा. मागच्या वेळी तुम्ही सांगितलेला आणि मामींनी सांगितलेला यांत साठाचा फरक होता, आणि मी दोन्ही रोजनिशीत लिहून ठेवले आहेत.

हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, हे मला मान्य आहे. पण आपलं शेवटचं बोलणं झाल्यापासून, गेल्या तीन आठवड्यांत मी तुम्हाला अकरा वेळा फोन केला. दोनदा तुम्ही 'मीटिंगमध्ये आहे' म्हणालात (मामा, नसरापूरचं वर्कशॉप बंद करून तुम्हाला नऊ वर्षं झाली). उरलेल्या नऊ वेळा मामींनी उचलला आणि 'ते झोपलेत' असं सांगितलं, आणि मागे तुमचा खोकला ऐकू येत होता. म्हणून कागद. कागदाला कुणी 'झोपलेत' म्हणून परत पाठवत नाही. आपला गेनू दुपारी टेम्पो घेऊन मार्केट यार्डाला निघणार आहे, तो हे पत्र तुमच्या हातात देईल आणि तुम्ही शेवटच्या ओळीपर्यंत येईस्तोवर दारातून हलणार नाही. तसं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं आहे. त्याला चहा द्यावा.

मुद्द्याचं आधी लिहिते, म्हणजे वाचताना जीव टांगणीला नको. उद्या रविवारी सकाळी दहाला शिवऱ्याचा भंगारवाला येऊन गिरणीचं इंजिन उचलून नेणार, असा निरोप तुम्ही त्याला परस्पर दिलात. त्याला इंजिन मिळणार नाही. इंजिन तुमचं आहे, गिरणी तुमची आहे, जागेचा उताराही तुमच्या नावावर आहे. मी फक्त रविवारी येऊन देखरेख करणारी तुमची भाची. हे सगळं मी मान्य करते आणि तरीही लिहिते की मिळणार नाही. इंजिन बरं झालेलं आहे. बरं झालेलं माणूस कुणी भंगारात देत नाही.

आता झालं कसं, ते क्रमाने. तुम्हाला ठाऊक असलेलंही थोडं लिहावं लागेल, कारण तुमच्यामागून हे पत्र तुमचा लेक श्रेयस वाचणार, आणि त्याला अजून वाटतं की गिरणी विजेवर चालते. तर श्रेयस, ती डिझेलवर चालते. इंजिन एका सिलिंडरचं, बिडाच्या ओतीव लोखंडाचं, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठं. त्याच्या पोटाभोवती हौदातलं पाणी खेळतं म्हणून ते तापत नाही. आणि गेली सव्वीस वर्षं ते रतनबाईंच्या हातावर चालतं. त्या इंजिनाकडे बघतसुद्धा नाहीत, नुसतं ऐकतात. नसरापूरला मोठी गिरणी झाली, तिथे भात दिला की तांदूळ कसा काचेसारखा येतो, पण तो तुमच्याच शेतातला असेल असं नाही. सगळ्यांचं एकात एक होतं. इथे माणूस आपल्या पोत्याशेजारी बसतो, आणि आपल्याच इंद्रायणीचा तांदूळ, कोंड्यासकट आणि तुकड्यांसकट, घरी घेऊन जातो. आजूबाजूच्या पाच गावांना एवढीच एक जागा उरली आहे. उद्याचा टेम्पो काय नेणार होता, ते यावरून श्रेयसला कळावं.

दर वर्षी नव्या भाताचं पहिलं पोतं भरडून झालं की चालत्या इंजिनाची दृष्ट काढायची, ही इथली रीत. तांब्याभर पाणी तीनदा ओवाळायचं आणि इंजिनाच्या पायाशी, ओट्यावर ओतायचं. यंदा पहिलं पोतं सोनबातात्यांचं होतं. (सोनबातात्या म्हणजे ओढ्याकाठच्या खाचरांवाले. वय विचारलं तर 'पानशेत फुटलं तवा चालत हुतो' एवढंच सांगतात.) रतनबाईंनी तांब्या माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "ताई, यंदा तुमी काढा. मालकाची भाची हाय तुमी." मी घेतला, आणि इथे माझा स्वभाव आडवा आला. पहिल्या फेरीला मनात आलं, रसायनशास्त्र शिकलेल्या, कॉलेजच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं काढलेल्या बाईने यंत्राची दृष्ट काढावी का? दुसऱ्या फेरीला उत्तर सुचलं, की विश्वास नसला तरी रतनबाईंचा मान राखायला काढावी. तिसऱ्या फेरीला प्रश्न पडला, की विश्वास नसताना केलेली गोष्ट खोटी म्हणायची की नुसती सभ्य? याचा निकाल लागायच्या आत तांब्या कलंडला आणि विहिरीचं गार पाणी पायाशी न पडता थेट इंजिनाच्या कुशीवर पडलं. एरवी काही झालं नसतं. पण त्या सकाळी हौदाच्या नळीत कोंडा अडकून आतलं पाणी आटलेलं होतं आणि इंजिन कोरडंच तापलेलं होतं. रतनबाईंचे कान ते पकडणार एवढ्यात मी ओतलं. कडाक्कन आवाज आला. कुशीवर एक वीतभर रेघ उमटली आणि तिच्यातून वाफ निघाली. रतनबाईंनी पदर तोंडाशी धरला. सोनबातात्या म्हणाले, "निघाली दिष्ट. इंजिनासकट निघाली."

तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर काय होतं, हे मी दर वर्षी अकरावीच्या मुलांना दाखवते. एक चंचुपात्र त्यासाठी मुद्दाम फोडते. त्यामुळे अज्ञान ही सबब मला नाही. हे इतकं सविस्तर लिहायचं कारण असं, की गावात पसरलं पाणी रतनबाईंनी टाकलं म्हणून, आणि तुम्हीही फोनवर म्हणालात, "त्या बाईला अक्कल नाही, आधी तिला काढ." मामा, ती बाई मी. मी त्याच वेळी ते सांगितलंही, पण तुम्ही तोवर ओरडायला लागला होतात, आणि मी आधी बोलले की तुम्ही आधी ओरडलात याची नोंद करायची राहून गेली.

नसरापूरहून वेल्डिंगवाला आणला. त्याने रेघेवर बोट फिरवलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "बीड हाय ताई. आच दिली तर दुसरीकडनं तडकंल. ह्ये दीनादादाच करू जाणं." दीनादादांनी गॅसची नळकांडी विकून टाकली आहेत, हे त्यालाही ठाऊक होतं, मलाही. नवा भाग मिळत नाही. ज्या कारखान्याने तो ओतला, त्या जागेवर आता मंगल कार्यालय आहे म्हणतात. मग मी आठ दिवस वाचन केलं आणि तुम्हाला फोन केला, की पोलादाची भुकटी घातलेलं एपॉक्सी मिळतं, दोन डब्यांचं, एकात रेझिन आणि दुसऱ्यात हार्डनर, दोन्ही मळून तड्यात भरलं की दगडासारखं होतं. तुम्ही म्हणालात, "लोखंडाला डिंक लावणार? पतंग आहे का तो? चाळीस वर्षं मी विस्तवाने लोखंड जोडलं. भंगारात दे. आणि मला विचारू नकोस." फोन बंद.

या शेवटच्या वाक्यावर मी बराच विचार केला. 'विचारू नकोस' याचा अर्थ 'करू नकोस' असा होतो का? रोजनिशीची अडीच पानं त्यात गेली. शेवटी असं ठरलं, की जे करू नये म्हणून सांगायचं असतं ते माणूस तसंच सांगतो, आणि तुम्ही तर फार स्पष्ट बोलता. तुम्ही मला फक्त विचारण्याला मनाई केलीत. ती मी आजवर पाळली आहे.

आणि डिंकाबद्दल. मामा, डिंक वाळतो. हे वाळत नाही. दोन पदार्थ एकमेकांना भेटतात, आपण होऊन तापतात, आणि त्यांचा तिसराच पदार्थ होतो, जो परत मागे जात नाही. तुमच्या विस्तवात जे लोखंडाचं होतं, ते यात त्या दोघांचं होतं, एवढाच फरक. आणि यात बीड तडकत नाही. जहाजांच्या पंपांना हे लावतात. तुमच्या शेगडीला मी कधी नावं ठेवली नाहीत, तुम्ही माझ्या डब्यांना ठेवू नयेत.

पहिला प्रयत्न फसला. तो माझ्यामुळे फसला, तेव्हा आधी तोच लिहिते. डब्यावरच्या कागदात नऊ सूचना होत्या, अक्षर मुंगीएवढं. मी भिंग लावून त्या मराठीत उतरवून घेतल्या. दोन्ही पदार्थ वजनाने समान घ्यायचे, आणि मळल्यावर अर्ध्या तासात लावायचे. मी घरून स्वयंपाकघरातला काटा, स्टीलची वाटी आणि सासूबाईंचा आमटीचा चमचा आणला होता. वजन केलं, मळलं, आणि मनात शंका आली की हार्डनर दोन ग्रॅम जास्त तर पडलं नाही? मग डबे पुन्हा तोलले. मग रिकामी वाटी किती भरते ते आठवेना, म्हणून तशीच दुसरी वाटी शोधायला रतनबाईंच्या घरी गेले. परत येऊन तिसऱ्यांदा हिशेब जुळवला, तो अगदी बरोबर निघाला. तोवर चमचा वाटीत उभा होता. सोडला तरी उभाच. सोनबातात्यांनी तो ओढला. पाय रोवून ओढला. मग वाटी गुडघ्यांत धरून ओढला. मग वाटी गेनूने धरली आणि तात्यांनी चमचा, आणि दोघं अंगणभर फिरले. शेवटी वाटी चेपली, चमचा वाकला, पण सुटला कोणीच नाही. तात्या घाम पुसत म्हणाले, "ताई, मलम जोरदार हाय तुमचं. फकस्त दुखणं सोडून भलतीकडं लावलं." सासूबाईंना अजून चमच्याचं सांगितलेलं नाही. विचारलं तर खरं सांगेन. अजून त्यांनी विचारलेलं नाही.

मात्र त्या चमच्याने एक काम केलं. तोवर अख्खं गाव 'बाईचा डिंक' म्हणून हसत होतं. ती वाटी गिरणीच्या कोनाड्यात ठेवली आणि चार दिवस जो येईल तो ओढून बघून गेला. हसणं बंद झालं.

दुसरा प्रयत्न चमचा अडकला त्याच दिवशी दुपारी केला. तडा कुठे संपतो हे डोळ्यांना दिसत नाही; त्यासाठी रॉकेल फासलं, कोरडं पुसलं आणि वर खडू घासला, म्हणजे आत शिरलेलं रॉकेल खडूतून वर येऊन काळी रेघ काढतं. (ही युक्ती तुमची. लहानपणी दुकानाच्या दारातून पाहिलेली. श्रेय द्यायचं तिथे देते.) दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली, म्हणजे तडा पुढे पळत नाही. मग कानशीने रेघेची चर केली. मग तेलाचा अंशही राहू नये म्हणून पुसायला ॲसिटोन हवं. आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात ते आहे आणि किल्ली माझ्याच कमरेला असते, म्हणूनच तिथून आणता येईना. नेलपॉलिश काढायच्या पाण्यात तेच असतं, तेव्हा नसरापूरच्या लेडीज शॉपीतून बावीस बाटल्या घेतल्या. दुकानदार म्हणाला, "ताई, वऱ्हाड कुठलं?" मी म्हणाले, इंजिनासाठी आहे. त्याने माझ्या नखांकडे एकदा पाहून घेतलं. सगळ्या बाटल्या संपल्या, इंजिनाला ब्यूटी पार्लरचा वास यायला लागला, चर आरशासारखी झाली. मी रतनबाईंना म्हणाले, आता याला काही लागू द्यायचं नाही, मी मळून आणते. (या वेळी वजन एकदाच केलं. फार त्रास झाला.) पाच मिनिटांत आले, लावलं, गुळगुळीत केलं, समाधानाने भोरला गेले. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर सगळा लेप पापडासारखा सुटून ओट्यावर पडलेला, आणि त्याची आतली बाजू लालभडक.

रतनबाईंनी कुंकू लावलं होतं. तेलात कालवून. त्या चरीत, पाच बोटं.

मी विचारलं तर त्या म्हणाल्या, "मंग? चांगल्या कामाला सुरवात करायची ती काय तशीच? आन् तुमी म्हनला काय लागू दिऊ नका. कुक्कू काय लागनं झालं व्हय?" मी 'काही' म्हणाले होते. 'कुंकूसुद्धा' म्हणायला हवं होतं. तिथल्या तिथे तह झाला: कुंकू मोठ्या चाकाला, हवं तेवढं, कुशीला हात नाही.

तिसरा प्रयत्न मागच्या शनिवारी. पुन्हा बावीस बाटल्या (दुकानदाराने या वेळी स्वतःहून विचारलं, "इंजिन बरं हाय का?"). लेप चरीत दाबून भरला, वरून एक पट्टी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी हात काढला. आता सूचना क्रमांक सात: जागा ऊबदार हवी. आपल्याकडची नोव्हेंबरातली हवा तुम्हाला माहीत आहे. तोरण्यावरून वारा सुटला की वेल्ह्यापासून इथवर माणसं दुपारीही कानटोपी काढत नाहीत. मी दोनशेचा बल्ब लावला, तर तासाभरात वीज गेली. गोधडी पांघरली, ती नुसतीच गार पडली. तेव्हा रतनबाई पुढे झाल्या. म्हणाल्या, "तुमी बसा ताई. चार बाळंतपणं माझी, सात जावांची न् नणंदांची. शेक कसा द्यायचा त्ये मला शिकवू नगा." त्यांनी घमेल्यात भाताच्या तुसाचा विस्तव केला. तूस भडकत नाही, नुसतं धुमसतं, आणि आच दिवसभर एकसारखी देतं. (हे मी नंतर थर्मामीटर लावून पाहिलं. चाळीस अंशांच्या दोन अंश इकडे-तिकडे. आमच्या प्रयोगशाळेतल्या पेटीला हे जमत नाही.) घमेलं इंजिनाच्या बाजेखाली, म्हणजे ओट्याखालच्या मोरीत सारलं, भोवती सुती लुगडं गुंडाळलं, आणि सवयीने विस्तवात ओवा आणि बाळंतशोपाही टाकल्या. मी म्हणाले, ओव्याची गरज नाही. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. बाधत न्हाई." सूचना शोधली, ओव्याविरुद्ध काही लिहिलेलं नव्हतं. दिवसभर बायका येऊन डोकावत होत्या. एकीने तर विचारलं, काय झालं, मुलगा की मुलगी. सोनबातात्या बाहेरून म्हणाले, "इंजानच झालंय. बापावर गेलंय, बोलत न्हाई."

परवा गुरुवारी, मी फोनवर सांगितल्याप्रमाणे, रतनबाईंनी पाणी भरलं आणि खाली वर्तमानपत्र अंथरलं. आज पहिल्या एस.टी.ने आले तेव्हा ते कागद इतके कोरडे होते की सोनबातात्या ओणवे होऊन त्यातलं राशिभविष्य वाचत होते. लेपावर मी हातोडीने टिचकी मारली. लोखंडाचाच आवाज आला.

तेव्हा मामा, ऐका. लहानपणी सुट्टीत मी तुमच्या दुकानाच्या दारात उभी असायचे. श्रेयस माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, पण काळी काच त्याच्या हातात, कानस त्याच्या हातात, आणि मला 'पोरीने लांब उभं राहायचं, ठिणगी उडते'. मी लांब उभी राहिले. तिथून जेवढं दिसलं तेवढं शिकले. त्याबद्दल माझी तक्रार नाही (आहे, पण आज नाही). पण ज्याला तुम्ही जवळ उभं केलंत तो आज कंपनीत बसून पडद्यावर रकाने भरतो, आणि जिला लांब ठेवलंत तिने तुमच्या इंजिनाचा वीतभर तडा बुजवला आहे, विस्तवाची एक ठिणगी न उडवता. तुम्हाला राग जोडाचा आला आहे, की तो कुणी जोडला याचा, हे तुमचं तुम्ही बघा. मी माझं बघितलं. मला आनंद झाला आहे, आणि त्यात थोडी खुन्नस आहे, हेही मी लिहून ठेवलं आहे.

उद्या टेम्पो आला तर मी दारात उभी असेन, शेजारी रतनबाई असतील, आणि सोनबातात्या कुठेही असले तरी बोलतच असतील. इंजिन बरं झालं आहे, ते दिलं जाणार नाही. तुम्हाला द्यायचंच असेल तर स्वतः या, त्याच्यावर हात ठेवा, आणि मग रतनबाईंच्या तोंडावर सांगा की हे भंगार आहे.

मामींना नमस्कार. श्रेयसला आशीर्वाद आणि डिझेल.

तुमची आज्ञाधारक (जेवढी आज्ञा दिलीत तेवढीच),
नलू

ता. क. सकाळचे अकरा. पत्र परत वाचून पाहिलं. 'इंजिन बरं झालं आहे' असं मी वर दोनदा लिहिलं आहे. हे पूर्ण खरं नाही. इंजिन अजून चालू केलेलं नाही. सूचना क्रमांक नऊप्रमाणे लेपाला पुरा जोर यायला सात दिवस लागतात, ते आज अकरा वीसला भरतात, आणि सगळे 'लावा की आता' म्हणून मागे लागले असताना मी कुणाला हँडलला हात लावू दिलेला नाही. थंड पाणी धरणं वेगळं आणि धडधडत्या पोटात गरम पाणी धरणं वेगळं. कदाचित सगळंच सुटून पडेल. वाक्यं खोडणार होते. पण खोडली नाहीत, कारण लिहिताना मला ती खरी वाटत होती, आणि आता वीसच मिनिटांचा प्रश्न आहे.

आ. ता. क. दुपारचे पावणेएक. अकरा वीस झाले तरी मला 'लावा' म्हणवेना. रतनबाई म्हणाल्या, "ताई, ह्ये तुमचं घड्याळ पुढं हाय का मागं?" मी म्हणाले, बघते. मी मोबाईल काढेपर्यंत त्यांनी हँडल घातलं होतं. पहिल्या दोन फेऱ्यांना नुसता खोकला. तिसऱ्या फेरीला धूर, आणि मग ते लागलं, मामा. पहिल्यांदा मी डोळे मिटले होते, म्हणून नेमका क्षण नोंदता आला नाही. एक तास चाललं. सोनबातात्यांची दोन पोती झाली. दर पाच मिनिटांनी मी जोडावरून बोट फिरवलं, बारा वेळा. बाराही वेळा कोरडं. रतनबाई पोत्यावर डोळे मिटून ऐकत बसल्या होत्या, शेवटी म्हणाल्या, "आवाज तोच हाय." तात्यांनी ताजा तांदूळ ओंजळीत घेऊन माझ्यापुढे धरला. म्हणाले, "मलमवाल्या बाई, घ्या तुमची फी." दोन किलो तुमच्याकडे गेनूबरोबर पाठवते आहे. शिजवून बघा, मग भंगारवाल्याला फोन करा.

शेवटचं. दुपारचा एक. गेनू हॉर्न वाजवतो आहे, पण हे लिहिल्याशिवाय पत्र देणं बरोबर नाही. इंजिन बंद केल्यावर कागद पाहिले, तर भिंतीच्या बाजूचा कागद ओला. जोड तपासला, कोरडा. मग आरसा घेऊन मागे पाहिलं. भिंतीकडच्या बाजूला, जिथे हौदाची नळी इंजिनात शिरते, तिथे जुना वेल्डिंगचा टाका आहे, आणि त्यातून पाणी येतं आहे. दर चार मिनिटांनी एक थेंब. मी तीन थेंब मोजले. टाक्याशेजारी पंचने ठोकलेलं 'दी', आणि खाली १९९६. रतनबाई म्हणाल्या, "ह्यो दादांचा टाका. मी लगीन होऊन आले त्या सालचा." इतकी वर्षं टिकला, मामा. माझा जोड एका तासाचा आहे. हे मी रोजनिशीत आधी लिहिलं आणि मग इथे.

तर आता खरी विनंती. त्या टाक्यावर लेप लावायला हवा. अर्धा डबा शिल्लक आहे, बाटल्यांचं मी बघते. पण तो तुमच्या हातचा टाका आहे, आणि त्यावर तुम्हाला न विचारता हात लावायला माझं मन घेत नाही. विचारायला तुम्ही मनाई केली आहे. ती मी या ओळीत मोडते आहे. तर लावू का? टेम्पो उद्या दहाला येणार आहे. तुम्ही नऊला या, चर तुम्ही घासा, लेप मी लावते. येताना जवळचा चष्मा आठवणीने आणा. थेंब बारीक आहे, आणि नंतर तुम्ही म्हणाल, नलूने स्वतःच्या जोडाची गळती माझ्या नावावर ढकलली.